पास्ता मशीनचा दसरा

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि आमच्या गल्लीतल्या ज्यांना दोन्हींत मोडायची हौस आहे त्यांनाही, या लेखाद्वारे जाहीर कळवण्यात येतं की, नांदेडला आमच्या घरी पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या टेबलाला आवळून बसवलेली जी पास्ता मशीन आहे, तिच्यातून आजवर पास्ता निघालेला नाही, शेवया निघालेल्या नाहीत, आणि यापुढेही निघणार नाहीत. तरी कृपया कोणीही पीठ मळून घेऊन येऊ नये.

ही नोटीस गमतीनं लिहिलेली नाही. माणसं खरंच येतात. उन्हाळी कामं सुरू झाली की शेजारच्या सुशीलाकाकू ओल्या फडक्याखाली रव्याचा गोळा झाकून दारात उभ्या. आपल्याकडची शेवयाची मशीन अशीच बाजेला नाहीतर पाटाला आवळतात, असाच दांडा फिरवतात, त्यामुळे काकूंचा फार दोष धरता येत नाही.

"काकू, हिच्यातून माती जाते. खायचं काही घालायचं नाही."

"माती तर मेथीलाबी असते. धुऊन घेऊ की."

"धुवायची पण नाही. पाणी गेलं की आतून गंजते."

काकूंनी मशीनकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. "खायाला चालत न्हाई, धुवायला चालत न्हाई. मग ही मशीन हाय का जावई?"

जावयापेक्षा थोडी जास्तच, हे मी तेव्हा बोलले नाही.

तर ही माती. तिला माती म्हणतात एवढंच, शेतातल्या मातीशी तिचं काही नातं नाही. पॉलिमर क्ले म्हणजे एक रंगीत, मऊ प्लास्टिक. हातानं मळायचं, आकार द्यायचा, छोट्या ओव्हनमध्ये मंद आचेवर भाजायचं. भाजलं की कडक होतं आणि पाण्यात पडलं तरी विरघळत नाही. त्याचे मी दागिने करते. कानातली, हार, बाजूबंद, गौरीच्या सणाला महालक्ष्म्यांचे मुकुट. पाकिटातून काढलेली माती फार आळशी असते, वाकवायला गेलं की तुटते. तिला कामाला लावायला ही मशीन. दोन स्टीलचे रूळ, मधलं अंतर कमीजास्त करायला बाजूला एक चकती, आणि एक दांडा. वरून गोळा घालायचा, खालून पोळी निघते. ती दुमडायची, परत घालायची, परत दुमडायची. लोकांना वाटतं, कलाकार बाई म्हणजे खिडकीत बसून काही सुचायची वाट बघत असेल. माझा निम्मा दिवस दांडा फिरवण्यात जातो आणि निम्मा मशीन पुसण्यात.

कारण मशीन काही विसरत नाही. आज तिच्यातून लाल गेला आणि उद्या पिवळा घातला, तर ती उद्या पिवळ्याला लालची आठवण करून देते. म्हणून नियम असा की सकाळी पांढरा, मग पिवळा, मग बाकीची मंडळी, आणि काळा सगळ्यांत शेवटी. हा नियम मला किनवटच्या एका गुरुजींनी मोडायला लावला. भल्या सकाळी येऊन बसले. त्यांना त्यांच्या काळ्या बैलाचं, राजाचं, मुंडकं किल्लीच्या गोफाला हवं होतं, आणि संध्याकाळच्या गाडीच्या आधी हवं होतं. केलं. त्यानंतर दिवसभर मशीन पुसली, तरी दुसऱ्या दिवशी केलेले मोती तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे निघाले. पंधरवड्यात गुरुजी परत हजर. "ताई, राजाचं डावं शिंग वाकडं हाय, तुम्ही उजवं केलं." ज्यावरून मुंडकं केलं तो फोटो मी परत दाखवायला लावला. राजाबरोबर गुरुजींनी सेल्फी घेतलेला, आणि त्यांच्या मोबाइलनं डावं-उजवं उलटं करून ठेवलेलं. बैल सरळ केला. मशीन परत काळी झाली.

रोजची सफाई साधी असते. आधी टाकाऊ मातीचा एक गोळा चार वेळा फिरवायचा, तो आपल्या अंगाला सगळी घाण लावून घेतो. मग मऊ कागदाला स्पिरिट लावून तो रुळावर दाबून धरायचा आणि दांडा फिरवायचा. हे स्पिरिट मी इतकं आणते की मेडिकलवाल्यानं एकदा हळूच विचारलं, "ताई, घरात कोण आजारी हाय?" मी सांगितलं, मशीन. तेव्हापासून तो मला स्पिरिटबरोबर सहानुभूती पण देतो.

आता मूळ प्रकरणाकडं येते.

पल्लवी कंधारची. तिथंच शाळेत शिकवते. ऐन ऑक्टोबरच्या उन्हात गळ्याला ओढणी घट्ट गुंडाळून माझ्याकडं आली, दार लावून घेतलं आणि ओढणी सोडली. गळ्यावर, हार बसतो तेवढ्याच जागेवर, लाल-काळपट पट्टा.

साखरपुड्यात सासरकडून एक ग्रॅम सोन्याच्या पॉलिशचा सेट आला होता. तो घातला, आणि ओवाळून होईपर्यंत गळा पेटला. डॉक्टरांनी सांगितलं, खरं सोनं चालेल, पण पॉलिशच्या खालचा धातू अंगाला लागू द्यायचा नाही. बाजारातलं लालभडक कुंकूही नाही, त्याच्यातल्या रंगानं तिचं कपाळ फुगायचं. एवढं साधं. पण साखरपुड्याच्या प्रत्येक फोटोत नवरी गळा खाजवताना दिसत होती, आणि रेणापूरला नवऱ्याच्या भावकीत कुजबूज सुरू झाली होती की पोरीला कातडीचा रोग हाय, कंधारवाले लपवून देऊन राहिले.

"ताई, लग्नात माझा गळा सगळ्यांनी बघितला पाहिजे," पल्लवी म्हणाली. "उघडा आणि साफ. न्हाई तर हे माझ्या मागं जन्मभर लागंल."

मी तिला मातीचा एक मणी दोऱ्यात ओवून दिला आणि आठवडाभर गळ्यात ठेवायला सांगितला. काही झालं नाही. मग आम्ही ठरवलं की सगळं पांढरं, मोगऱ्याचं करायचं. हार, बाजूबंद, कानावरून अडकवायची फुलं, सगळं रेशमाच्या गोफात ओवलेलं, धातूचा एक आकडासुद्धा नाही. नवरा मुलगा खूश होता. पण त्याला आई नाही, आत्यानं वाढवलेलं, त्यामुळं त्या घरात शेवटचा शब्द आत्याबाईंचा. त्यांचा निरोप आला: मातीचे दागिने मी स्वतः येऊन बघनार. मनाला आले तर ठीक, न्हाई तर आपला सेट हायेच.

पांढरं काम मी दिवाळीनंतर ठेवलं. दिवाळीची कामं सगळी लाल, मरून, हिरवी असतात, आणि पांढऱ्याला घर शांत लागतं. पांढरी माती म्हणजे घरातली सगळ्यांत संशयी बाई. केस, धूळ, पदराचा धागा, सगळं पकडते आणि चारचौघांत दाखवते. त्या दिवशी मी पंखा बंद ठेवते, केस बांधते आणि पांढरा गाऊन घालते. नवीन दूधवाल्यानं त्या वेषात मला एकदा इंजेक्शनचे पैसे विचारले होते.

तर तशी तयार होऊन, मशीन लख्ख पुसून, मी पांढरा गोळा घातला. पोळी निघाली. तिच्यातून गुलाबी शीर गेलेली.

परत पुसली. टाकाऊ गोळा फिरवला. कागद कोरा निघाला. पांढरा घातला, परत गुलाबी शीर. पुसलं की मशीन साळसूद, पांढरा घातला की लाजायला लागे. वर्षानुवर्षं हे काम करतेय, पण असा प्रकार पाहिला नव्हता. दिवाळीचा लाल असता तर कागदावर आला असता. टेबलावर गुलाबी शिरांच्या पोळ्यांचा ढीग लागला, लग्न चार दिवसांवर, आणि नेमकं तेव्हाच खालून पल्लवीचा आवाज आला, "या आत्याबाई, जिना जरा उभा हाय."

आत्याबाई आल्या त्या जिन्याला दम लागेल अशा आल्या. डोक्यावरून पदर, हातात त्याच सेटची लाल पेटी. खुर्चीत बसल्या, पेटी मांडीवर ठेवली, आणि टेबलावरची एक पोळी दोन बोटांत उचलून उजेडाला धरली.

"ह्याला पांढरं म्हनता व्हय तुम्ही नांदेडात?"

पल्लवीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा हात आपोआप ओढणीकडं गेला होता. ते पाहिलं आणि माझ्यातली नाटकवाली जागी झाली.

"आत्याबाई, चहा घ्या आणि बसा," मी म्हटलं. "आज तुम्हाला मशीनचं पोट उघडून दाखवते. पल्लवी, मोबाइलची बत्ती लाव."

टेबलावर पांढरं फडकं अंथरलं. आमच्या सासूबाई कोपऱ्यात पाटावर मेथी निवडत होत्या. एरवी घरात पाहुणी आली की तिचं माहेर, सासर आणि गुडघे यांची चौकशी झाल्याशिवाय त्या गप्प बसत नाहीत. त्या दिवशी त्या मेथीशिवाय कशाकडं बघेनात. हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

मशीन उघडणं हे रोजचं काम नाही. बाजूचे नट काढले, पत्रे काढले. रुळांच्या खाली बारीक पात्या असतात. रुळाला चिकटलेली माती त्या खरवडून घेतात. म्हणजे त्यांच्या मागं काय दडलंय ते बाहेरून कधीच दिसत नाही. पहिली पाती काढली, स्वच्छ. दुसरी काढली आणि पल्लवीनं बत्ती जवळ आणली. पातीच्या मागं लालभडक, तेलकट लगदा भरलेला होता. आणि त्या लगद्यात काहीतरी पिवळं रुतलेलं.

पल्लवीनं चिमट्यानं ते बाहेर काढलं आणि तळहातावर घेतलं. "ताई, हा तांदूळ हाय."

"हळदीचा," आत्याबाई वाकून म्हणाल्या. "अक्षता हाय ही."

कोपऱ्यात मेथी एकदम फार वेगानं निवडली जायला लागली, काड्यांसकट.

"आई," मी म्हटलं.

"मला काय इचारता. दसरा होता."

दसऱ्याला आपल्याकडं ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा होते. कोणाचा कोयता, कोणाची रिक्षा, कोणाचा कॉम्प्युटर. माझ्या मशीनला मी दरवर्षी बाहेरून हळदकुंकवाचं एक बोट लावते, फूल ठेवते.

"पूजा मी केली होती की, आई. बाहेरून."

"भाईरून तुम्ही केली," सासूबाई म्हणाल्या. "पोटाची मशीन, अन् तिच्या पोटात काईच न्हाई? तुम्ही तिकडं आपट्याची पानं वाटून राहिल्या होत्या, म्हनून मी जरा आतून केली. कुंकू कोरडं उतरंना, मग खोबऱ्याच्या तेलाचं बोट फिरवलं. दोन अक्षता टाकल्या. दांडा फिरवला. लई गोड फिरली."

सगळा उलगडा झाला. तेलात कालवलेलं कुंकू पातीमागं जाऊन बसलं. दिवाळीच्या लाल-मरूनात ते थोडं थोडं मिसळत राहिलं, कोणाला कळलं नाही. कागद पातळ, तो पातीपर्यंत पोचायचा नाही. मऊ पांढरी माती पोचायची आणि येताना कुंकू घेऊन यायची.

मला वाटलं, आता आत्याबाई उठतात. पण त्यांची पंचाईत झाली होती. मशीनला कुंकू लावलं म्हणून सासूबाईंना बोलणार कशा? त्यांच्या घरी दसऱ्याला ट्रॅक्टरच्या चाकाखाली लिंबू ठेवल्याशिवाय तो वाड्याबाहेर जात नाही.

"पूजा केली ते बेस झालं," त्या शेवटी म्हणाल्या. "पर ह्या पोरीला कुंकू सोसत न्हाई म्हनं. अन् तेच हारात गेलं, तर मांडवात गळा सुजंल. मग भावकीचं तोंड मी कशानं बंद करू?" त्यांनी लाल पेटीवर हात ठेवला. "काढा समदं. माझ्या डोळ्यांदेखत काढा. न्हाई निघालं तर ही पेटी हितंच ठेवून जाते."

आणि पल्लवी, आतापर्यंत बत्ती धरून उभी असलेली, हळूच म्हणाली, "आत्याबाई, ती पेटी घातली तर गळा नक्की सुजंल. ही मशीन साफ झाली तर सुजायचा न्हाई. मी बत्ती धरते, ताई, तुम्ही करा."

मग मी जी सफाई केली, तशी आधी केली नव्हती आणि नंतरही नाही. आधी जुना कोरडा ब्रश, कारण तेलकट लगदा ओला केला की तो पळतो. मग काडीला कापूस गुंडाळून स्पिरिट. रुळाच्या कडा, पातीच्या खाचा, दात्यांच्या फटी. सुरी वापरायची नाही. रुळावर एक ओरखडा पडला की तो जन्मभर प्रत्येक पोळीवर उमटतो. आत्याबाई खुर्ची इंच इंच पुढं सरकवत होत्या. शेवटी राहवलं नाही.

"द्या ती पाती हिकडं. तुमची घासायची रीत बघून जीव खालीवर होऊन राहिला. राख हाय का?"

"राख नाही, आत्याबाई. स्पिरिट."

"चिंच?"

"चिंच पण नाही."

"नुसत्या कापसानं देवाची भांडी निघतात व्हय कधी," असं म्हणत त्यांनी पाती हातात घेतली, आणि खरं सांगते, असा हात मी पाहिला नव्हता. पातीत त्यांना आपलं नाक दिसेपर्यंत त्यांनी सोडली नाही. दुसरी त्यांनी मागून घेतली. लाल पेटी कधी मांडीवरून खाली गेली ते त्यांना कळलं नाही.

मशीन परत जोडली. पाती जिथली तिथंच बसायला हवी, पत्रे, नट, सगळं. आणि फडक्यावर एक बारीकसा स्क्रू उरला.

मशीन उघडणाऱ्या प्रत्येक माणसाला ही भीती असते. मी परत खोलली, परत जोडली. स्क्रू उरलाच. आत्याबाईंनी एक भुवई वर केली. पल्लवीनं बत्ती मशीनच्या प्रत्येक फटीवर फिरवली. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "माझ्या चष्म्याची काडी निसटून राहिली मघापासून. कुनी बघील का?"

उरलेला स्क्रू त्यांच्या चष्म्याचा होता. मशीनच्या पोटात डोकावायला त्या मघाशी गुपचूप येऊन गेल्या होत्या.

मग मी हात धुतले, पांढऱ्याचं नवीन पाकीट फोडलं, गोळा घातला, आणि दांडा आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी फिरवला. पोळी आली. पांढरी. दुमडून परत फिरवला. पांढरी. सगळ्यांत पातळ करून काढली, खिडकीशी धरली, उलटी केली, नखानं खरवडली, हुंगली. शीर नाही, ठिपका नाही.

"हं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या भाच्यानं, म्हणजे नवऱ्या मुलानं, मला नंतर सांगितलं की आत्याबाईंच्या तोंडून एवढी स्तुती त्यानं दहावी पास झाल्यावर ऐकली होती. त्या पेटी उचलून पदराखाली घेऊन निघून गेल्या. पल्लवी जिना उतरताना ओढणी खांद्यावर टाकून गेली.

पुढचे दोन दिवस मी मोगरा केला. हातानं, पाकळी पाकळी. आणि गुलाबी शिरांच्या पोळ्यांचा ढीग टाकवेना. जाईच्या कळीची पाठ असते ना तशीच गुलाबी, पांढऱ्यावर कुणी नुकतं बोट ओढल्यासारखी. तो रंग मी पाकिटातल्या रंगांतून कितीदा जमवायला गेले होते आणि दर वेळी लग्नातल्या आइस्क्रीमसारखा निघाला होता. इथं तो आयता पडलेला. मी त्याच्या जाईच्या कळ्या केल्या आणि सासूबाईंच्या अंबाड्यासाठी वेणी गुंफली. त्यांच्या केसांना कुंकवाचं काय भ्या.

लग्न लातूरला, मंगल कार्यालयात. पल्लवी बोहल्यावर आली ती मान ताठ करून. गळा उघडा, त्यावर फक्त मोगरा. रोगाची कुजबूज करणाऱ्या बायका पहिल्या पुढं झाल्या. फूल बघितलं की बाई हुंगायला वाकतेच, आणि वाकली की गळा दिसतोच. एक वाकली, दुसरी वाकली, तिसरीनं तर डोळ्यांवर चष्मा चढवला. आत्याबाई बाजूला पहारेकऱ्यासारख्या उभ्या. "जवळून बघा," त्या प्रत्येकीला सांगत होत्या. "अजून जवळून. कुटं काई दिसतं का?" कुठं काही दिसत नव्हतं. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत भावकीचा विषय बदलून कार्यालयातल्या जिलेबीवर गेला होता. पल्लवीनं तिथूनच माझ्याकडं पाहिलं आणि हार थोडा बाजूला सरकवून गळा दाखवला. साफ. मी मागच्या खुर्चीवरून, कोणी बघत नाही असं धरून, मशीनचा दांडा फिरवल्यासारखा हात फिरवला.

एवढ्यात आत्याबाई आमच्या रांगेत आल्या. माझ्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. त्या सासूबाईंच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांचा अंबाडा न्याहाळू लागल्या.

"ही जाई कुठली?"

"सुनेनं केली," सासूबाई मान न वळवता म्हणाल्या. वेणी हलू नये म्हणून त्या सकाळपासून मान वळवत नव्हत्या.

"मला पायजे अशी," आत्याबाई माझ्याकडं वळल्या. "हुबेहूब अशीच. हा गुलाबी."

मी हात जोडले. म्हटलं, आत्याबाई, हा गुलाबी मला करता येत नाही. तो त्या कुंकवानं केला. आता मशीन साफ आहे, तुम्हीच तर घासली.

तेवढ्यात भटजींनी सगळ्यांना गप्प केलं, अंतरपाट धरला गेला, अक्षता हातोहात वाटल्या गेल्या, आणि पहिल्या मंगलाष्टकाआधीच्या त्या चिडीचूप शांततेत, अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात आत्याबाई म्हणाल्या,

"मग घाला की परत मशीनीत कुंकू."